साखळीचं दुसरं टोक

फोटोताईला त्या आठवड्यात एका जागी बसवत नव्हतं. "हनुवटी जरा खाली. दोन्ही कान दिसू द्या. झालंच, डोळे मिटू नका," असं म्हणत ओळखपत्रांचे फोटो काढायचे, छापायचे, कातरायचे, पाकिटात घालून द्यायचे, हे काम तिचे हात तीस वर्षं करत आले होते, आता त्यांना तिच्याकडून फारशा सूचना लागत नसत. गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं रे पडलं, की ती जिना चढून वरच्या खोलीत. कपाट उघड, बंद कर. ट्रंक पुढे ओढ, मागे ढकल. गादी उचलून बघ. दारावरची घंटी वाजली की केसांवरून हात फिरवत पुन्हा खाली, पुन्हा हनुवटी आणि कान.

"सकाळपासून उंदरासारखी काय खुडबुडतेयस?" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. वय चौऱ्याऐंशी. गुडघ्यांनी केव्हाच रजा घेतली होती, पण कान आणि जीभ अजून कामावर हजर होते. खिडकीजवळच्या खुर्चीतून तिला खालचा रस्ता दिसे आणि जिन्यातून स्टुडिओतलं बोलणं ऐकू येई, त्यामुळे वर्तमानपत्र तिनं बंद करून टाकलं होतं.

"घड्याळ शोधतेय. आजोबांचं."

"भिंतीवर आहे की."

"ते नाही गं. खिशातलं. साखळी सापडली डब्यात, मग घड्याळ कुठे गेलं?"

आत्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "असेल कुठे तरी. इतक्या वर्षांत काय काय इकडचं तिकडे झालं असेल," ती म्हणाली, आणि तिला एकदम तहान लागली.

निमित्त होतं येत्या रविवारचं. वाचनालयाच्या सभागृहात जुन्या वस्तूंचे एक जाणकार येणार होते. घराण्यात चालत आलेल्या चिजा घेऊन या, त्यांचं वय आणि मोल आम्ही सांगू, असं पत्रक घरोघर वाटलं गेलं होतं. एका घरातून तीनच वस्तू. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: वस्तूचा जुना फोटो असल्यास सोबत आणावा.

फोटोताईनं पत्रक हातात पडल्या दिवशीच दोन वस्तू ठरवल्या होत्या. एक, आजोबांच्या पहिल्या कॅमेऱ्याचं पितळी भिंग. दोन, एका हाताची कोरीव खुर्ची, जिच्यावर रेलून गावातल्या तीन पिढ्यांनी फोटो काढले होते. तिसरं घड्याळ. भिंतीवरच्या तसबिरीत आजोबा उभे होते, एक हात त्या खुर्चीवर, काळं जाकीट, आणि जाकिटाच्या गुंडीपासून खिशापर्यंत झुललेली ती साखळी. ती साखळी बघत ती लहानाची मोठी झाली होती. लग्न केलं नाही. स्टुडिओ तिच्याबरोबर संपणार हे तिलाही माहीत होतं. संपण्याआधी एकदा, चार माणसांसमोर, कुणीतरी जाणत्या माणसानं म्हणावं, हे चांगल्या घरातलं आहे. एवढंच तिला हवं होतं. आणि एवढंच हवं असलं की माणूस गाद्या उचकटत सुटतो.

पत्रकातल्या त्या बारीक ओळीनं तिच्या दुकानात गर्दी केली. लोक घरातले जुने फोटो काढून आणत. कुणाचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, कुणाचा काचेला चिकटलेला. "जरा साफ करून मोठा करून द्या, ताई. शनिवारपर्यंत." ती एकेक फोटो स्कॅनरखाली ठेवी. त्यांतले बरेचसे आजोबांनीच याच खोलीत काढलेले. मागे तोच रंगवलेला तलाव, तीच खुर्ची.

बुधवारी दुपारी बेकरीवाला आला. रस्त्याच्या टोकाला त्याची बेकरी. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, आणि बोलताना समोरच्याला पिठासारखं मळणारा. फोटोताई त्याला तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखत होती, कारण त्याची थोरली बहीण तिची शाळेपासूनची मैत्रीण. ही बहीण म्हणजे समोरच्या दुकानातली शिंपीणबाई. सख्खी भावंडं, एका रस्त्यावर राहणारी, आणि बावीस वर्षं एकमेकांशी अबोला.

त्यानं कागदात गुंडाळलेला फोटो टेबलावर ठेवला. "हे आमचे आजोबा. हा असा एवढा मोठा करा. आणि हे घड्याळ एकदम स्पष्ट दिसलं पाहिजे."

"घड्याळ कुठे दिसतंय? साखळी दिसतेय."

"साखळी दिसतेय म्हणजे घड्याळ आहेच ना, ताई! कुत्र्याचा पट्टा घेऊन कुणी एकटा फिरायला जातं का?" तो स्वतःच हसला, आणि मग हसू पुसून पुढे वाकला. "रविवारी हा फोटो मी जाणकारांपुढे ठेवणार. त्यांनाच विचारणार, असं सोन्याचं घड्याळ आज केवढ्याचं. सगळ्यांसमोर सांगू देत. म्हणजे तुमच्या मैत्रिणीनं काय गिळलंय ते रस्त्याला कळेल."

"अरे, तिनं घेतलं नाही म्हणते ती."

"मग मी घेतलं? बाबा गेले तेव्हा कपाटाची किल्ली तिच्याकडे होती. बाबा जन्मभर सांगायचे, आहे कपाटात कुठे तरी."

"तुझ्या बाबांनी तरी पाहिलं होतं का?"

"बाबा दोन वर्षांचे होते आजोबा गेले तेव्हा. पण हा फोटो होता ना घरात!" असं म्हणून तो गेला. त्याचा दुसरा घाणा भट्टीत होता.

तो गेल्यावर तिनं फोटो स्कॅनरखाली ठेवला आणि पडद्यावर मोठा केला. रुंद चेहरा, मिशा, जाकीट. घड्याळ एकदम स्पष्ट हवं म्हणाला होता, म्हणून ती साखळीवर आली आणि आणखी मोठी करत गेली. सगळ्या कड्या लांबट होत्या. गुंडीपासून चौथी तेवढी गोल. कुणीतरी तुटलेल्या जागी दुसरीच कडी बसवली होती.

ती तडक उठली. वर जाऊन तिनं डबा उघडला, साखळी उजेडात धरली आणि मोजली. एक, दोन, तीन. चौथी गोल.

सुचलं ते फार वाईट होतं. दुसऱ्याची वस्तू आमच्या घरात. आजोबांनी ठेवून घेतली? गहाण? की फोटो काढताना इथे राहिली आणि कुणी परत दिलीच नाही? घड्याळ विकलं आणि साखळी ठेवली? तसबिरीतले आजोबा तसेच उभे होते, खुर्चीवर हात ठेवून, जराही न अवघडता. ती तीनदा आत्याच्या खुर्चीपर्यंत गेली आणि तीनदा परत आली. चौथ्या खेपेला आत्याच म्हणाली, "बोल बाई एकदाचं. मला चक्कर येतेय तुझ्या फेऱ्यांनी."

"आत्या, ही साखळी बेकरीवाल्याच्या आजोबांची आहे."

आत्यानं साखळी हातात घेतली, आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "त्याच्या आजोबांची! आणि हेडमास्तरांची. आणि टपालवाल्याची, आणि त्या दोन डॉक्टरांपैकी बुटक्याची. अगं, दुकानाची आहे ती! फोटोपुरती. माणसं येत अंगावरच्या कपड्यांत. बाबांनी एक जाकीट शिवून ठेवलं होतं, मागून उसवलेलं, म्हणजे जाड्यालाही होई आणि बारक्यालाही. पुढून घालायचं, पाठीमागे चिमटे. आणि ही साखळी."

"आणि घड्याळ?"

आत्यानं साखळीचं दुसरं टोक तिच्यापुढे धरलं. तिथे एक गंजलेली सेफ्टी पिन होती. फोटोताईनं ती आधीही पाहिली होती. कुणीतरी साखळी हरवू नये म्हणून लावली असेल, असं तिला वाटलं होतं. "ही खिशाच्या आतून टोचायची. ते माझं काम. नऊ-दहा वर्षांची असेन. पुढे निगेटिव्हवर पेन्सिल मारायला शिकले, तेव्हा कड्यांवर चमकही मीच भरायची."

"म्हणजे आपल्या आजोबांकडेही घड्याळ नव्हतं?"

"बाबांकडे? त्यांना वेळ कळायची ती कारखान्याच्या भोंग्यानं."

फोटोताई पलंगावर बसली. चोपन्न वर्षं फोटोंच्या घरात काढून ती एका फोटोला फसली होती, आणि तोही घरचाच. थोडं हसूही आलं तिला. मग तिच्या लक्षात आलं आणि ती उभी राहिली. "आत्या, तुला हे माहीत होतं? बावीस वर्षं ती दोघं नसलेल्या घड्याळावरून भांडतायत, आणि तू खिडकीत बसून बघत होतीस?"

"भांडण घड्याळावरून आहे हे मला आज कळतंय. तू तर म्हणाली होतीस, वाटणीवरून." आत्याचा आवाज खाली आला. "आणि कळलं असतं तरी बोलले नसते. बाबांचा एकच कायदा होता. माणूस इथे जे अंगावर चढवतो ते इथेच उतरवून जातो. बाहेर त्याचा शब्द नाही. तू ही साखळी रविवारी सभागृहात नेलीस, तर निम्म्या गावाचे आजोबा उघडे पडतील. नेणार नाहीस तू."

"नेणार नाही. पण तिला चोर ठरवतोय तो."

"ते त्यांचं घरचं."

गुरुवारी फोटोताई रस्ता ओलांडून शिंपीणबाईकडे गेली. मशीन चालू होतं. गळ्यात टेप, दातांत टाचण्या, त्यामुळे मैत्रिणीचं बोलणं अर्धं कळत होतं आणि अर्धं सवयीनं समजत होतं.

"तू रविवारी येतेयस ना?" फोटोताईनं विचारलं.

"कशाला? माझी जाहीर पूजा बांधणार आहे म्हणे तो. पावाबरोबर फुकट वाटतोय ती बातमी." तिनं टाचण्या काढून उशीत खोचल्या. "खरं सांगू? घड्याळ त्यानंच विकलं. नवी भट्टी घेतली ना त्या साली? मी कधी कुणापुढे बोलले नाही. पाठचा भाऊ आहे, म्हटलं खाऊ दे."

"आणि त्यानं नसेलच विकलं तर?"

मशीन थांबलं. "मग बावीस वर्षं मी त्याच्या घरी जेवले नाही ते कशासाठी गं?" शिंपीणबाई असं म्हणाली आणि हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. मग तिनं मशीनचं पायडल दाबलं. फोटोताईच्या ओठांवर आलेलं वाक्य त्या आवाजात विरलं. चांगला तासभर बसून ती ते न सांगताच परत आली. रात्री जेवण गेलं नाही. आत्यानं तिच्या ताटाकडे बघितलं, पण टोमणा मारला नाही.

शुक्रवारी बेकरीवाला फोटो न्यायला आला, तेव्हा मोठी प्रत तयार होती. तिनं ती पाकिटात घातली, पुन्हा बाहेर काढली, कोपरे बघितले, पुन्हा घातली.

"द्या की, ताई. भट्टी खोळंबलीय."

"जरा त्या खुर्चीत बैस. दोन मिनिटं."

"माझा कशाला फोटो? असा पिठात लोळलेला?"

"बैस म्हणते ना."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, तो बसला. तिनं खणातून साखळी काढली, त्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या काजात साखळीच्या एका टोकाची आडवी दांडी अडकवली आणि दुसरं टोक त्याच्या वरच्या खिशात सोडलं. ती नुसती बाजूला झाली. समोरच्या आरशात, जिथे लोक केस विंचरत, बेकरीवाल्यानं स्वतःला पाहिलं. तोच रुंद चेहरा, त्याच मिशा. पाकिटातला फोटो जणू उठून आरशात बसला होता.

त्याचा हात आधी साखळीवर गेला, आणि मग चेहरा लाल होत गेला. "म्हणजे तुमच्याकडे! इथे! माझ्या बहिणीला मी उगाच... तुमच्या आजोबांनी ढापलं आमचं घड्याळ, आणि तुम्ही बावीस वर्षं आमचा तमाशा बघत बसलात?"

"अरे, ऐक—"

"काय ऐकू? घड्याळ कुठंय? विकलंत? फोटो काढायला आलेल्या माणसाच्या खिशात हात घालणारी माणसं तुम्ही!"

जिन्यावर काहीतरी आपटलं. ती आत्याची काठी होती. दोन वर्षं आत्या त्या जिन्यावरून उतरली नव्हती. आता ती एकेक पायरी बसून उतरत होती, धापा टाकत, आणि एका हातानं जुना पुठ्ठ्याचा खोका पोटाशी धरून.

"माझ्या बाबांना चोर म्हणतोस? खिशात हात घाल. तुझ्याच. बघ काय आहे त्यात."

त्यानं हात घातला. बोट टोचलं म्हणून झटकन काढलं, आणि मग सावकाश ती पिन बाहेर ओढली.

"हे तुझं सोन्याचं घड्याळ," आत्या म्हणाली. "हेच होतं. नेहमी." आणि तिनं खोका त्याच्या मांडीवर रिकामा केला. जुन्या प्रती सांडल्या. लठ्ठ माणसं, काटकुळी माणसं, म्हातारी, नवी मिसरूड फुटलेली. सगळ्यांच्या पोटावर तीच साखळी. काही चेहरे तो ओळखत होता. रोज त्यांच्या नातवंडांना पाव विकत होता.

बराच वेळ तो प्रती चाळत राहिला. दुकानाबाहेर कुणी तरी येऊन काचेतून डोकावून गेलं. मग त्यानं विचारलं, "जाकीट?"

"आमचं."

"मिशी?"

"मिशी त्याची," आत्या म्हणाली. आता ती स्टुलावर टेकली होती आणि तिचा राग दमला होता. "तो दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला होता तेव्हा. रात्रपाळी करून तसाच आला होता. भुवयांत पीठ, पापण्यांत पीठ. मी ओल्या फडक्यानं पुसलं. साखळी लावली तर त्याला हसूच आवरेना. म्हणाला, पोरी, कुणी वेळ विचारली तर काय सांगू? बाबा ओरडले, हलू नका. त्यानं श्वास धरला. म्हणून फोटोत असा गंभीर दिसतो. गंभीर नाहीये तो. हसू दाबतोय."

बेकरीवाल्यानं पाकिटातून मोठी प्रत काढली आणि चेहऱ्याजवळ धरली. यावेळी तो साखळीकडे बघत नव्हता.

"रविवारी मी हे कुणाला दाखवणार नाही," फोटोताई म्हणाली. "साखळी डब्यात जाईल. पण तुझ्या बहिणीला कळायला हवं. मी सांगणार नाही. ते तू सांगायचं."

"ती हसेल मला."

"हसू दे."

"तुम्ही ओळखत नाही तिला," तो म्हणाला, फोटो उचलला आणि निघून गेला. जाताना त्याची पावलं समोरच्या दुकानापाशी मंदावली. फोटोताई काचेला नाक लावून होती. पण तो पुढे गेला.

त्यानंतरचे तास तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. शनिवारी सकाळी दोन गिऱ्हाइकांचे कान कापले गेले. फोटो पुन्हा काढावे लागले. रविवारसाठी तिनं भिंग मऊ कापडात बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. खुर्ची न्यायला हातगाडी सांगितली. तिसरी वस्तू नव्हती. तिसरं काही शोधावं असंही तिला वाटेना. चांगल्या घरातलं आहे, असं कुणी म्हणावं याची परवापर्यंत केवढी घाई होती. आता मनात फक्त समोरच्या दुकानाची काच. सांगणार नाही म्हटलं ते चुकलंच का? आपणच जाऊन सांगावं का? ती दारापर्यंत गेली, आणि आत्या वरून म्हणाली, "ते त्याला करू दे."

दुपारी, पावाची दुसरी खेप झाल्यावर, बेकरीवाला रस्त्यात दिसला. अॅप्रनही काढलेला नव्हता. काखेत पाकीट. तो शिंपीणबाईच्या दाराशी उभा राहिला, गळ्याची गुंडी लावली, काढली, आणि आत गेला.

फोटोताईला ऐकू काहीच येत नव्हतं. काचेपलीकडे मैत्रीण मशीनवरून उठली. त्यानं फोटो कापडांवर ठेवला. तो बोलत होता, हात पोटावर आडवा फिरवून दाखवत होता, मग दोन बोटांत काही तरी बारीक पकडल्यासारखं. ती ऐकत होती. हलत नव्हती. मग तिनं गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली. ती हसली नाही. काय बोलत होती कोण जाणे, पण एकदा भट्टीच्या दिशेनं बोट गेलं, एकदा स्वतःच्या छातीकडे. तोही आता आवाज चढवत होता. एक गिऱ्हाईक कापडाची पिशवी घेऊन दाराशी आलं, आत बघून तसंच मागे फिरलं.

"काय चाललंय?" आत्यानं वरून विचारलं. तिच्या खिडकीतून समोरच्या दुकानाचा फक्त पत्रा दिसे.

"भांडतायत."

"एकमेकांशी?"

"हो. तोंडावर. जोरात."

आत्या म्हणाली, "तर तू काचेपासून बाजूला हो. बावीस वर्षांचं साचलंय, संध्याकाळ होईल त्यांना."

फोटोताई बाजूला झाली. दुकानात कुणी नव्हतं. ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली, आणि कितीतरी दिवसांनी उठावंसं वाटलं नाही.